अडतीस, सोळा, चोपन्न, बाहत्तर, नव्वद

३८१६५४७२९०.

आपल्याकडच्या रीतीने स्वल्पविराम दिले की ती ३,८१,६५,४७,२९० अशी दिसते. वाचायची ती तीन अब्ज एक्याऐंशी कोटी पासष्ट लाख सत्तेचाळीस हजार दोनशे नव्वद. शून्यापासून नऊपर्यंतचे दहाही अंक इथे हजर आहेत आणि एकही दुसऱ्यांदा आलेला नाही. पण एवढ्यावरून तिची थोरवी कळत नाही. दहा अंक एकेकदाच वापरून, पहिल्या जागी शून्य न ठेवता, ३२,६५,९२० संख्या मांडता येतात. त्या गर्दीतली हीही एक. समोरून गेली तर मागे वळून पाहावे असे तिच्या चेहऱ्यात वरवर काही नाही.

तिची ओळख करून घ्यायची तर तिला शेवटाकडून उचलत जावे लागते. घरात साठलेल्या लग्नपत्रिकांच्या जाड कागदाचे मी दहा चौकोन कापले, एकेकावर एकेक अंक लिहिला, जेवणाच्या टेबलावर ही संख्या मांडली आणि उजवीकडून एक एक चौकोन उचलू लागले. नियम साधा : जितके चौकोन टेबलावर उरले असतील तितक्याने, समोर दिसणाऱ्या संख्येला भागायचे.

दहा चौकोन होते तेव्हा १० ने भाग गेला, ते शेवटच्या शून्यामुळे उघडच होते. शून्य उचलले. नऊ उरले : ३८१६५४७२९ भागिले ९, उत्तर ४२४०६०८१, बाकी शून्य. नऊचा चौकोन उचलला. ३८१६५४७२ भागिले ८, उत्तर ४७७०६८४, बाकी शून्य. ३८१६५४७ भागिले ७, उत्तर ५४५२२१. ३८१६५४ भागिले ६, उत्तर ६३६०९. ३८१६५ भागिले ५, उत्तर ७६३३. ३८१६ भागिले ४, उत्तर ९५४. ३८१ भागिले ३, उत्तर १२७. ३८ भागिले २, उत्तर १९. शेवटी टेबलावर एकटा ३ उरला, त्याला एकने भाग जातोच.

एकदाही बाकी उरली नाही. गाणाऱ्याने कुठल्याही मात्रेवर थांबावे आणि नेमकी तिथेच सम लागावी, तसे हे आहे. संख्या कुठेही तोडा, तोडली त्या जागी ती पुरी झालेली असते. आणि त्या ३२,६५,९२० जणींमध्ये असे वागणारी ही एकटीच आहे.

एकटी कशी, हे कुणी सांगितले म्हणून मानायचे कारण नाही. पेन्सिल घेऊन बसले तर अर्ध्या तासात आपले आपल्याला पटते, आणि या संख्येचा खरा रस त्या अर्ध्या तासातच आहे. तेव्हा संख्या क्षणभर विसरू आणि दहा रिकाम्या जागा समोर ठेवू.

दहाव्या जागी ० येणार, कारण १० ने भाग जायचा आहे. पाचव्या जागी ० किंवा ५ हवा. शून्य संपला, म्हणून ५. दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या आणि आठव्या जागी सम अंक लागणार, कारण तिथले भाजक सम आहेत. म्हणजे पाचही सम अंकांना सम जागा मिळाल्या आणि विषम अंकांना विषम जागा उरल्या. इथे पहिली लय ऐकू येते : विषम, सम, विषम, सम. अक्षरगणवृत्तात शब्द सुचायच्या आधीच लघू कुठे आणि गुरू कुठे हे ठरलेले असते. इथेही कुठला अंक ते कळायच्या आधी तो कुठल्या कुळातला असणार हे ठरून गेले आहे.

आता चार. चारची कसोटी शेवटच्या दोन अंकांवर चालते. विषम अंकामागून २ किंवा ६ आला तरच ती उतरते. १२, १६, ३२, ३६ चालतात, १४ आणि १८ चालत नाहीत. म्हणून चौथ्या जागी २ किंवा ६. आठव्या जागेलाही हीच अट लागते, कारण आठने भाग जायचा तर आधी चारने जायला हवा. २ आणि ६ ही जोडी अशी या दोन घरांत वाटली गेली, आणि ४ व ८ यांच्या वाट्याला दुसरे व सहावे घर आले. चारला चौथ्या घरात बसता येत नाही आणि आठला आठव्यात, ही गंमत चौकोन मांडताना प्रथम लक्षात येते.

मग तीन आणि सहा. पहिल्या तीन अंकांची बेरीज तीनच्या पटीत हवी. सहाने भाग जायचा म्हणून पुढच्या तिघांचीही तशीच हवी. मधला ५ पक्का आहे. त्याच्या डाव्या-उजव्या हाताला २ आणि ४ ठेवले तर बेरीज ११, ६ आणि ८ ठेवले तर १९. दोन्ही बाद. उरल्या दोनच मांडण्या : २-५-८ आणि ६-५-४. दोन्हींची बेरीज पंधरा. पुढे आठची कसोटी शेवटच्या तीन अंकांवर लावली की बाकीची घरे भराभर भरत जातात. नऊचा प्रश्न उरत नाही, कारण एक ते नऊची बेरीज ४५, ती कशीही मांडली तरी ४५.

एवढ्या चाळणीतून दहाच संख्या खाली येतात :

१४७२५८९६३०
७४१२५८९६३०
१८९६५४३२७०
९८१६५४३२७०
७८९६५४३२१०
९८७६५४३२१०
१८३६५४७२९०
३८१६५४७२९०
१८९६५४७२३०
९८१६५४७२३०

सातला अजून कुणी काही विचारलेलेच नाही. आणि मीही इथे मुद्दाम थांबते, कारण या यादीत ज्या काही संख्या आल्या आहेत त्यांच्याकडे पाहिल्याशिवाय पुढे जाणे म्हणजे मैफलीत आलाप न ऐकता भैरवीला पोहोचणे.

सहावी ओळ पाहा : ९८७६५४३२१०. नवापासून शून्यापर्यंतचा सरळ उतरता जिना. आपण काहीही न शोधता, लहान मूल उलटे आकडे म्हणते तसे म्हटले तरी ही संख्या येते, आणि ती सात सोडून सगळ्या कसोट्यांना उतरते. तिच्या पहिल्या आठ अंकांना आठने भागले तर उत्तर येते १२३४५६७९. चढता जिना, त्यातली फक्त आठवी पायरी गाळलेली.

पहिल्या दोन ओळी मोबाइलच्या कीपॅडवर बोट ठेवून वाचाव्यात. १-४-७ हा पहिला उभा रकाना वरून खाली, २-५-८ हा दुसरा वरून खाली, ९-६-३ हा तिसरा खालून वर, आणि शेवटी ०. दुसऱ्या ओळीत तर पहिल्या नऊ आकड्यांत बोट कुठे उचलावेच लागत नाही. सातपासून वर एकपर्यंत, शेजारच्या दोनवर सरकून खाली आठपर्यंत, शेजारच्या नऊवर सरकून पुन्हा वर तीनपर्यंत. नांगर एका तासाने जातो आणि शेजारच्या तासाने परततो, तशी ही चाल आहे.

पण या दहांतली सर्वांत देखणी कोण असे मला विचाराल तर मी सातव्या ओळीवर बोट ठेवीन. १८३६५४७२९०. दोन-दोन अंक सुटे करा आणि मोठ्याने म्हणा : अठरा, छत्तीस, चोपन्न, बाहत्तर, नव्वद.

हा अठराचा पाढा आहे. अठरा एके अठरापासून अठरा पंचे नव्वदपर्यंतचा, एका दमात लिहिलेला. ज्यांनी शाळेत उभे राहून एका सुरात पाढे म्हटले आहेत त्यांना या पाच शब्दांचा ठेका वेगळा शिकवावा लागत नाही. पाढ्याच्या या पहिल्या पाच पायऱ्यांत शून्य ते नऊ हे दहाही अंक एकेकदाच येऊन जातात, हे मात्र तो हजारदा म्हणूनही माझ्या कधी लक्षात आले नव्हते. शिवाय त्यातली अंकांची बसण्याची रीत पाहा. विषम अंक १, ३, ५, ७, ९ असे चढत जातात आणि प्रत्येक आपल्याच क्रमांकाच्या घरात बसतो. एक पहिल्या घरात, तीन तिसऱ्या, पाच पाचव्या, सात सातव्या, नऊ नवव्या. सम अंक त्यांच्या मधल्या फटींतून ८, ६, ४, २, ० असे उतरत येतात. एक सूर चढतो आहे, दुसरा उतरतो आहे, आणि दोघे एकमेकांच्या पावलांत पाऊल टाकून चालले आहेत. एवढी रेखीव मांडणी माणसाने ठरवून केली असती तरी तिला दाद मिळाली असती. इथे ती कुणी केलेलीच नाही.

आता सात.

बाकीच्या भाजकांशी आपला शाळेपासूनचा घरोबा असतो. दोन, पाच आणि दहा शेवटचा अंक पाहून समाधानी होतात. चार दोन अंक पाहतो, आठ तीन. तीन आणि नऊ बेरीज मागतात. सहा दोनचे आणि तीनचे ऐकून घेतो. सातला मात्र अशी सोपी कसोटी नाही. शेवट पाहून त्याचे भागत नाही आणि बेरजेने तो फसत नाही. त्याला प्रत्येक अंक हवा असतो आणि तो कुठल्या घरात बसला आहे हेही हवे असते. दहा लाखांना सातने भागले तर बाकी १ उरते. लाखाला ५, दहा हजारांना ४, हजाराला ६, शंभराला २, दहाला ३, आणि एककाला १. सात अंकी संख्येतल्या प्रत्येक अंकाला आपापल्या घराच्या या बाकीने गुणायचे आणि सगळ्यांची बेरीज करायची. ती बेरीज सातच्या पटीत आली तरच संख्येला सातने भाग जातो.

या दाराशी एक एक सुंदरी येते आणि परत फिरते. उतरत्या जिन्याचे पहिले सात अंक ९८७६५४३, बाकी ५. कीपॅडच्या रकान्यांचे १४७२५८९, बाकी ६. नांगराच्या चालीचे ७४१२५८९, बाकी २. आणि अठराच्या पाढ्याचे १८३६५४७. हिशेब मांडून पाहू. १ गुणिले १ म्हणजे १, ८ गुणिले ५ म्हणजे ४०, ३ गुणिले ४ म्हणजे १२, ६ गुणिले ६ म्हणजे ३६, ५ गुणिले २ म्हणजे १०, ४ गुणिले ३ म्हणजे १२, ७ गुणिले १ म्हणजे ७. बेरीज ११८. सात सोळे ११२. सहा जास्त झाले.

टेबलावर हा पाढा मांडून मी बराच वेळ त्याच्याकडे पाहत होते. सगळे भाजक खूश आहेत, एक सात तेवढा अडून बसला आहे, आणि त्याची तक्रार फक्त सहाची आहे. मग पहिला आणि तिसरा चौकोन मी उचलून एकमेकांच्या जागी ठेवले. १ च्या जागी ३, ३ च्या जागी १.

पहिल्या घराचे आता १ ऐवजी ३ झाले, म्हणजे दोन वाढले. तिसऱ्या घराचे ३ चोक १२ ऐवजी १ चोक ४ झाले, म्हणजे आठ कमी झाले. दोन वाढले, आठ गेले, निव्वळ सहा उतरले. ११८ चे ११२. जेवढे जास्त होते तेवढेच गेले, ना एक कमी ना एक जास्त.

आणि ही अदलाबदल बाकी कुणाला जाणवलीही नाही. दोन पाहतो तो आठ जागचा हललेला नाही. तीनला बेरीज हवी, ती बाराच राहिली. चारसमोर ३६ होते, तिथे आता १६ आले, त्यालाही चारने भाग जातोच. पाच, सहा, आठ, नऊ आणि दहा यांच्यापर्यंत तर खबरही पोहोचली नाही. आठ भाजकांची झोप न मोडता एका सातची अट पुरी झाली. दोन ग्रह एकमेकांच्या राशीत जाऊन बसले की ज्योतिषी त्याला परिवर्तन योग म्हणतात. इथे एक आणि तीन यांचा तसा योग झाला आहे. पाच, सात, नऊ स्वगृहीच राहिले, सम अंकांची उतरण तशीच राहिली, आणि मांडणीच्या अगदी सुरुवातीला, जिथे नजर पहिली पडते तिथे, एक छोटासा वेडेपणा राहून गेला.

या संख्येचे सौंदर्य मला त्या वेड्या जागेत दिसते. पाढ्याची संख्या अधिक रेखीव आहे यात शंका नाही. जिना अधिक सरळ आहे, नांगराची चाल अधिक गोड आहे. पण त्या तिघींनी आपला नीटनेटकेपणा जपला आणि सर्वांत कठीण परीक्षकासमोर नापास झाल्या. ३८१६५४७२९० ने नीटनेटकेपणातले दोनच अंकांचे देणे दिले आणि दहाही जणांचा शब्द राखला. कवी वृत्तात लिहिताना कधी एखादी मात्रा वाकवतो. ती चूक आहे की गरज, हे त्या ओळीचा अर्थ सांगतो. इथे पहिल्या तीन अंकांतली वाकडी पावले कशासाठी पडली ते सातव्या अंकापाशी पोहोचल्यावर कळते, आणि कळल्यावर ती पावले वाकडी वाटत नाहीत.

अशा संख्यांवर जीव लावणारा एक माणूस आपल्याकडे होऊन गेला. देवळालीच्या शाळेत शिकवणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर, जन्म १९०५, मृत्यू १९८६. १९४९ साली त्यांनी दाखवलेल्या ६१७४ च्या गुणधर्मामुळे त्यांचे नाव जगभर झाले. जिला आपल्याच अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जातो अशा संख्येला त्यांनी 'हर्षद' असे नाव दिले, म्हणजे आनंद देणारी. आपल्या संख्येतल्या अंकांची बेरीज ४५. भागून पाहा : ८४८१२१६२, बाकी शून्य. ती हर्षद आहे. अर्थात हा गुण तिचा एकटीचा नाही. यादीतल्या दहाही जणी हर्षद आहेत, कारण सर्वांची बेरीज ४५ आणि सर्वांच्या शेवटी शून्य. घराण्याचा गुण घराण्याच्या नावे मांडावा आणि तिचा स्वतःचा तिच्या नावे, एवढा न्याय रसग्रहणात पाळायलाच हवा.

एक आक्षेप मात्र गंभीर आहे आणि तो मोठ्या माणसाचा आहे. रामानुजनना केंब्रिजला बोलावून घेणारे जी. एच. हार्डी यांनी १९४० च्या आपल्या 'अ मॅथेमॅटिशियन्स अपॉलॉजी' या पुस्तकात अंकांच्या अशा चमत्कृतींना खऱ्या गणिताच्या पंक्तीत बसू दिले नाही. ८७१२ आणि ९८०१ या उलट्या लिहिलेल्या स्वतःच्याच पटीत असतात, हे त्यांचे उदाहरण. अशा गोष्टी कोड्यांच्या सदराला शोभतात, त्यांतून व्यापक असे काही हाती लागत नाही, असा त्यांचा रोख होता. आणि त्यात तथ्य आहे. आपण दहांनी मोजतो म्हणून ही संख्या आहे. सहांनी मोजणाऱ्या पद्धतीत ५४३२१० हा साधा उतरता जिनाच सगळ्या अटी पुऱ्या करतो. तिथे त्याला काही वाकवावे लागत नाही. पाया बदलला की आपली नायिका नाहीशी होते.

पण याच कारणाने तिला कविता म्हणावेसे वाटते. ओवी मराठीत आहे म्हणून ती ओवी आहे. दुसऱ्या भाषेत नेली की अर्थ पोहोचतो आणि तिची चाल मागे राहते, म्हणून ओवी खोटी ठरत नाही. ३८१६५४७२९० ही दहाच्या भाषेत लिहिलेली आहे. दहा बोटांच्या माणसांनी, दहा चिन्हांत, स्थानाला किंमत देऊन लिहायची जी रीत या भूमीत घडली, त्या रीतीचीच ती निपज आहे. आपले स्वल्पविरामसुद्धा तिला शोभतात. ३,८१,६५,४७,२९० असे लिहिले की कोटी, लाख आणि हजार यांच्या घरात ८१, ६५, ४७ अशा जोड्या पडतात. दशकाचे अंक ८, ६, ४ असे उतरताना आणि एककाचे १, ५, ७ असे चढताना डोळ्यांना लगेच दिसतात. तीन-तीन अंकांचे गट पाडणाऱ्या पद्धतीत ही नक्षी झाकली जाते.

टेबलावरचे चौकोन मी अजून उचललेले नाहीत. येता-जाता त्यांच्याकडे लक्ष जाते आणि तोंडात पाढा येतो. वर्गात कुणी तो असा म्हटला असता तर पहिल्याच शब्दाला थांबवून पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावले असते. इथे मात्र तो असाच म्हणायचा, आवाज न दबवता, कारण दहांपैकी एकाही भाजकाची याला हरकत नाही : अडतीस, सोळा, चोपन्न, बाहत्तर, नव्वद.